चूक शून्य

मोजपट्टीला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, की आपल्या हातून काहीतरी चूक झालेली असावी. साधीसुधी नको, चारचौघांत नाक कापणारी, ढळढळीत. लोक आपली चूक लपवायला धडपडतात. हा गडी सकाळी आठपासून फरशीवर पालथा पडून ती शोधत होता, आणि मेली सापडत नव्हती.

मोजपट्टी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. यंत्रांना मोटरी बसवायच्या आणि त्या मोटरींना शिस्त लावायची, हा त्याचा धंदा. वरच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी. जेवायला बसला तरी आधी टेबल समतल आहे का ते बघणार, मग घास. त्याला 'छोट्या' म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्याची थोरली बहीण, आणि ती आत्ता भिंतीपलीकडच्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्यासाठीच हा सगळा आटापिटा चालला होता.

हा छापखाना अंधांसाठी पुस्तकं काढतो. शाईचं काम नाही; जाड कागदावर ठिपके उठवायचे. सहा ठिपक्यांचं एक घर, त्यातले कुठले उठले यावरून अक्षर ठरतं. ठिपका जेमतेम अडीच मिलिमीटर सरकला, की अक्षर बदलून भलतंच होतं. ताई सात वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. मग डोळ्यांचं काम बोटांनी अंगावर घेतलं, आणि ते इतकं चोख केलं की गेली एकतीस वर्षं या छापखान्यातलं प्रत्येक पुस्तक तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय दाराबाहेर पडलं नव्हतं. छोट्याला तिनेच ब्रेल शिकवली होती, त्याला शाळेत घालायच्याही आधी. तो मात्र लबाड. बोटं वापरायचा कंटाळा, म्हणून डोळ्यांनीच ठिपके वाचायचा. ती त्याला म्हणायची, "कामचोर आहेस, पण पोटापुरतं येतंय."

आता सगळं घोडं पेंड खात होतं ते इथे. शाळांनी दोनशे पुस्तकं परत पाठवली होती. पानाच्या वरच्या ओळी ठीक, खाली उतरावं तशा ओळी उजवीकडे सरकलेल्या, आणि शेवटच्या चार ओळींत तर नुसता गोंधळ. त्या गठ्ठ्यांवर ताईची खूण होती, तपासल्याची. छापखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना पाठीमागे सगळे 'परिपत्रक' म्हणत आणि तोंडावर साहेब, त्यांनी एक कागद काढला होता. त्यावर दोन रकाने. एक यंत्र, एक वाचक. दोष कुणाचा, ते आज संध्याकाळी चारपर्यंत लिहून समितीकडे पाठवायचं. वाचकाचा निघाला तर वाचकाला उद्यापासून घरी बसवायचं.

घरी बसवायचं, एवढंच असतं तरी ताई बसली असती. पण तिच्या बोटांतली जाण गेली असा शिक्का बसणार होता. साखरेच्या दुखण्याने तसं होतं म्हणतात, आणि ताईला ते दुखणं सहा वर्षं होतं. डोळे एकदा गेले होतेच. आता दुसऱ्यांदा आंधळं व्हायची पाळी होती, आणि या वेळी मागे काही शिल्लक नव्हतं.

"छोट्या," सकाळी ती त्याला म्हणाली होती, "मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, गठ्ठ्यातली खालची पानं सहज चाचपली, तर दुपारची सरकतायत म्हणून. साहेबांनी यंत्राची नोंद बघितली आणि मला म्हणाले, चूक शून्य. आता तू बघ. यंत्राचंच निघू दे रे."

"यंत्राचंच असणार," तो म्हणाला.

"तू बसवलंयस. तुझं नाव जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात."

तो खरंच तसं म्हणाला, आणि त्याला तसंच वाटत होतं. पण बोलताना त्याची नजर तिच्या उजव्या तर्जनीवर गेली. टोकाला भाजल्याचा फोड, अर्धवट सुकलेला. मागच्या आठवड्यात विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, वाफ लागली. वाफ लागली की माणूस हात झटकतो, जरासं लाल होऊन भागतं. असा फोड यायला तापलेल्या भांड्यावर बोट चांगलं मिनिटभर राहावं लागतं. जग मोजत फिरणाऱ्या या माणसाने तेवढं एक मोजलं नाही. त्याने नजर काढून घेतली आणि हत्यारांची पेटी उचलली.

तर यंत्र. ठिपके उठवणारं डोकं एका लांब आटेदार दांड्यावरून डावीकडून उजवीकडे सरकतं. दांडा फिरवायला स्टेपर मोटर. ही मोटर इतरांसारखी गरगरत नाही, पावलं टाकते. दोनशे पावलांचा एक फेरा. कंट्रोलर म्हणतो, ऐंशी पावलं टाक. ती टाकते, आणि कंट्रोलर टाकली असं धरून चालतो. मध्ये काही अडलं, दहा पावलं बुडाली, तरी त्याला पत्ता नसतो. पोराला शाळेत पाठवलं म्हणजे पोरगं शाळेत पोचलंच, असं मानणाऱ्या बापासारखा त्याचा कारभार. वर्षापूर्वी अशीच पावलं बुडायला लागली, तेव्हा साहेबांनी मोजपट्टीला बोलावलं होतं आणि त्याने मोटरीच्या शेपटाकडे एन्कोडर बसवला होता. बारीक रेघांची चकती आणि तिच्यावर नजर ठेवणारा डोळा. मोटर खरोखर किती फिरली ते मोजून तो कंट्रोलरला उलट कळवतो. सांगितलेलं आणि झालेलं यांत फरक पडला की भरून काढायचा, नाही जमलं तर यंत्र थांबवून बोंब मारायची.

साहेब त्या चकतीवर इतके खूश झाले, की त्यांनी लगेच परिपत्रक काढलं. यंत्र आता स्वतःच खरं सांगतं, तेव्हा प्रत्येक पान तपासायची गरज नाही. वाचकाने गठ्ठ्याचं पहिलं पान वाचावं आणि खूण करावी. म्हणजे भावाने शेपटाला चकती लावली आणि बहिणीचं शंभरातलं नव्व्याण्णव काम काढून घेतलं. ताई तेव्हा हसली होती. म्हणाली होती, "बरं झालं, म्हातारपणी जरा बसायला मिळेल." मोजपट्टीला ते हसणं आज सकाळपासून टोचत होतं.

आठ ते अकरा त्याने वर्षभराची नोंद चाळली. चूक शून्य. चूक शून्य. पानामागून पान, चूक शून्य. त्याने तारा तपासल्या, मोटरीला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हचा विद्युतप्रवाह तपासला, एन्कोडरची चकती उघडून धूळ आहे का पाहिलं. आरशासारखी लख्ख होती. यंत्र चालू करून पाच पानं काढली. पाचही पानं अशी नेटकी, की त्याला ती फाडून टाकावीशी वाटली. एरवी असं पान बघून त्याने मिशीतल्या मिशीत हसून घेतलं असतं. मिशी नव्हती ही गोष्ट वेगळी.

बारा वाजता साहेब डोकावले.

"काही निघालं?"

"बघतोय."

"नोंद काय म्हणते?"

"नोंद म्हणते शून्य."

"मग झालं तर." साहेबांनी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण रिकामा रकाना दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. "मलाही बरं वाटत नाही हो. एकतीस वर्षं झाली बाईंना. पण आकडे खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. याच खोलीत, चहाचा कप हातात धरून, बारशाला बसलेल्या आत्यासारख्या तोऱ्यात. मोजपट्टीने मान खाली घातली.

एक वाजला. त्याने डबा उघडला नाही. यंत्र सोडून दिलं चालू, पानामागून पान पडू दिलं, आणि स्वतः शेजारी उकिडवा बसून राहिला. काय करावं सुचत नव्हतं. आता एक चूक मुद्दाम करून ठेवावी का, असाही विचार मनात आला. एखादा स्क्रू ढिला करायचा, एखादी तार अर्धी तोडायची, आणि ओरडायचं, सापडली! हात पान्यापर्यंत गेलाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांना खरं बोलायला लावलं, त्याला हे जमेना. त्याने पान्याऐवजी खिशातलं खुणेचं पेन काढलं.

काढलं ते नुसतं हाताला चाळा म्हणून. मोटर आणि दांडा यांच्यामध्ये एक दातेरी पट्टा आहे. मोटरीवर एक पुली, दांड्याच्या टोकावर दुसरी. त्याचा जुना उस्ताद सांगायचा, जिथे दोन वस्तू एकत्र फिरायला हव्यात तिथे दोघींवरून एक रेघ मार. रेघ तुटली तर संसार तुटला. त्याने यंत्र क्षणभर थांबवलं, दांड्याच्या टोकावरून पुलीवर एक सरळ पांढरी रेघ ओढली, आणि परत चालू केलं.

अडीच वाजता रेघ शाबूत होती. पावणेतीनला जरा वाकडी वाटली. त्याला वाटलं, आपलेच डोळे शिणले. तीनला त्याने यंत्र थांबवून टॉर्च मारला.

पुलीवरची रेघ आणि दांड्यावरची रेघ यांत बोटभर अंतर पडलं होतं.

त्याने हळूच पुलीला हात लावला. चटका बसण्याइतकी तापली होती. सगळं एकदम समजलं, आणि समजल्यावर इतकं सोपं होतं की लाज वाटावी. पुली ॲल्युमिनियमची, दांडा पोलादाचा. तापलं की ॲल्युमिनियम जास्त फुगतं. पुलीला दांड्यावर धरून ठेवायला दोन बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू होते आणि ते ढिले झाले होते, त्यामुळे सकाळी गार असताना पुली घट्ट, आणि दुपारी तापली की डोकं डावीकडे परतताना झटक्यासरशी घसरायची. नव्या पानाला डोकं परत कडेला टेकून सुरुवात करायचं, म्हणून वरच्या ओळी तेवढ्या ठीक. मोटर बिचारी बरोबर फिरत होती. एन्कोडर मोटरीच्या शेपटाला, तो मोटरीपुरतं खरं सांगत होता. पुढे पुली घसरतेय आणि डोकं मागे राहतंय, हे बघायला तिथे कुणीच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याने मोजलं ते मोटरीचं, मोजायला हवं होतं डोक्याचं.

आणि ते स्क्रू त्यानेच आवळले होते. त्यांच्या आट्यांना चिकटद्रव्य लावायचं असतं, म्हणजे ते कंपाने सुटत नाहीत. वर्षापूर्वी ती बाटली दुसऱ्या पिशवीत राहिली होती. उद्या लावू, म्हणाला होता.

"ताई!" तो ओरडला. "ताई, माझी चूक आहे! माझीच!"

स्वतःच्या गाढवपणाची इतक्या आनंदाने दवंडी पिटणारा माणूस त्या छापखान्याने आधी बघितला नसेल. ताई शेजारच्या खोलीतून भिंत धरत आली. त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि पुली, पट्टा, बाटली, सगळं एका दमात सांगितलं. तिला त्यातलं अर्धं समजलं असेल. पण तिचा चेहरा सैल पडला, आणि ती मोठ्याने रडायला लागली.

"म्हणजे दुपारचीच पानं," ती म्हणाली. "मी सांगत होते ना, दुपारची. आणि मला द्यायचे पहिलं, सकाळचं. म्हणजे माझी बोटं..."

"तुझी बोटं माझ्या एन्कोडरच्या तोंडात मारतील."

त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने स्क्रू काढले, आटे पुसले, या वेळी चिकटद्रव्य लावून आवळले. मग तपासणीचं पान काढलं. त्या पानावर मजकूर नसतो. प्रत्येक घरात सहाच्या सहा ठिपके, वरपासून खालपर्यंत ठिपकेच ठिपके, पट्टी लावून मोजता यावेत म्हणून. मोजलं. एका केसाचाही फरक नव्हता. मग भूगोलाचं पान बारा काढलं, परत आलेल्या पुस्तकातलंच. दोन्ही पानं ट्रेमध्ये ठेवली.

पावणेचारला साहेब कागद घेऊन आले. मोजपट्टीने यंत्राच्या रकान्यात लिहून दिलं, दोष बसवणाऱ्याचा, म्हणजे माझा. सही ठोकली. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"छान. म्हणजे छान नव्हे, पण स्पष्ट आहे. आता दुसरा रकाना."

"तो कशाला? दोष सापडला ना."

"रिकामा कसा सोडू? बाई, एक पान वाचून दाखवा, मी 'वाचन बिनचूक' लिहितो, विषय मिटला. भूगोल, पान बारा आहे ना?" आणि साहेबांनी ट्रेमधलं हाताला आलं ते पान उचलून ताईच्या पुढ्यात ठेवलं.

ताईने तळवे एकमेकांवर घासले, वाचण्यापूर्वी नेहमी घासायची तसे. पान सरळ केलं. डाव्या बोटाने ओळीची सुरुवात धरली, उजवं बोट सरकू लागलं, आणि ती वाचू लागली.

"धडा तिसरा. नदीचे खोरे. नदी उगमापाशी अरुंद व वेगवान असते. उतार कमी होतो तसा तिचा वेग मंदावतो, आणि वाहून आणलेला गाळ ती काठांवर टाकू लागते..."

आवाज खणखणीत. कुठे अडखळणं नाही. ओळ संपली की बोट खाली, परत डावीकडे, अगदी वेळेवर. साहेब मान डोलवत होते. मोजपट्टीही हसत होता. त्याने सहज, जुन्या सवयीने, डोळ्यांनी तिच्या बोटाबरोबर वाचायला सुरुवात केली.

तिच्या बोटाखाली नदी नव्हती. सहा ठिपके, सहा ठिपके, सहा ठिपके. वरपासून खालपर्यंत एकही अक्षर नव्हतं. साहेबांनी तपासणीचं पान उचललं होतं.

"...अशा गाळामुळे काठची जमीन सुपीक होते," ताई वाचत होती.

दोन महिने त्याच पुस्तकावरून वाद चालला होता. पान बारा तिला पाठ होतं. तिला सांगितलं होतं की बारा आहे, आणि ती बारा वाचत होती.

मोजपट्टीने ते पान काढून घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेबांनी तोवर लिहिलंही होतं, वाचन बिनचूक, आणि कागद घडी करून खिशात टाकला होता.

"अभिनंदन, बाई. उद्यापासून पुन्हा प्रत्येक पान तुमच्या हाताखालून जाईल. नवं परिपत्रक काढतो." आणि ते गेले.

खोलीत दोघंच उरली. ताई अजून पानावर हात ठेवून बसली होती. तिला उठायची घाई दिसत नव्हती.

"बरं वाचलं ना मी?"

"हो."

"छोट्या, तू 'हो' फार पटकन म्हणालास."

त्याने ट्रेमधलं पान बारा उचललं आणि परत ठेवलं.

"माझ्या हाताखाली काय आहे?"

त्याला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. पण हिनेच त्याचं बोट धरून त्याला पहिलं अक्षर शिकवलं होतं, आणि तिला खोटं सांगायला जीभ वळेना.

"तपासणीचं पान आहे," तो म्हणाला. "सगळे सहाच्या सहा. मजकूर नाही."

ताईने बोट पुन्हा एकदा ओळीवरून फिरवलं. मग म्हणाली, "खरबरीत लागत होतं. म्हटलं, आहे काहीतरी. दोन महिन्यांपूर्वी नीट लागायचं रे. मग रोज थोडं थोडं पुसट. मला वाटलं, पुसट छापतायत."

"साहेबांना कळलेलं नाही. कुणालाच नाही. मी येत जाईन ना, रोज सकाळी. मी डोळ्यांनी वाचीन, तू खूण कर."

"आणि तुझा धंदा?"

"बघू."

"आणि ज्या दिवशी तू येणार नाहीस, त्या दिवशीचं पान कुणाच्या हातात जाईल? सात वर्षांच्या पोरीच्या. तिची बोटं खरी आहेत. तिला वाटेल, आपल्यालाच वाचता येत नाही." ती उठली. "मी साहेबांना सांगून येते."

"ताई, नको. आज नको. उद्या सांगू."

"उद्या लावू म्हणालास ना त्या स्क्रूला?"

ताई दारातून बाहेर पडली. छापखान्याच्या लांब बोळात भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकलेली आहे आणि प्रत्येक दाराशी तिच्यावर खाचा आहेत. कोठीला एक, यंत्रखोलीला दोन, साहेबांच्या दाराशी तीन. साहेबांचा मान मोठा म्हणून तीन, असं ताईच कधीकाळी म्हणाली होती. एकतीस वर्षं ती या बोळातून कुणाचाही हात न धरता चालली होती, तर्जनी पट्टीवर ठेवून, डोळसांनी वाटेतून बाजूला व्हावं इतक्या झपाट्याने.

आजही ती तशीच निघाली. पाठ ताठ, मान वर, बोट पट्टीवर. मोजपट्टी दारात उभा राहून बघत होता. तिला हाक मारून थांबवावं की जाऊ द्यावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

तिचं बोट एका खाचेवरून गेलं. दुसरीवरून गेलं. मग साहेबांच्या दाराशी आलं, तिन्ही खोल खाचांवरून अलगद सरकलं, आणि ताई त्याच चालीने पुढे चालत राहिली, बोळाच्या टोकाच्या बंद भिंतीकडे.

तो धावला. तिचा हात धरला.

"ताई," तो म्हणाला, "दार मागे राहिलं."